आईने झाकून ठेवलेलं ताट

एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडं कापून देत आहे:

"ताई, मी ४१ वर्षांची आहे. राहायला नाशिकला, इंदिरानगरात, नोकरी एका पतसंस्थेत, दिवसभर खुर्चीवर. जानेवारीत वजन ७८ होतं. थायरॉइड, साखर, सगळं तपासलं, रिपोर्ट चांगले आले. आहाराचा तक्ता करून घेतला, रोज साधारण १४०० कॅलरी. आज ६९ वर आहे. अजून पाच किलो घालवायचेत.

या पाच महिन्यांत मी कुणाच्याही घरी जेवलेली नाही. भाच्याच्या लग्नात पर्समधून डबा नेला, उकडलेले मूग नि काकडी. भिशीला ताकावर भागवते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी गंगापूर रोडला मिसळ खातो, पंधरा वर्षांचा रिवाज. फेब्रुवारीपासून मी गेले नाही. आता तर मला कुणी विचारतही नाही.

यंदा अधिक महिना. माहेर सटाण्याचं. आईने आम्हा दोघांना धोंड्याला बोलावलं. वय ७०, गुडघे दुखतात, तरी दोन दिवस राबली. ह्यांना तेहतीस अनारशांचं वाण दिलं. पुरणाचे धोंडे, तूप, आमरस, कटाची आमटी. मी पानावर बसले आणि फक्त कोशिंबीर नि आमटी घेतली. आई एक शब्द बोलली नाही. तिने माझं ताट उचललं, वर दुसरं ताट झाकलं आणि आत नेऊन ठेवलं.

रात्री नाशिकला परत आल्यावर त्या वाणातले अकरा अनारसे मी ओट्यापाशी उभ्याने खाल्ले, लाईट न लावता. मग म्हटलं, आजचं तर गेलंच, आणि चिवड्याचा डबा काढला. सकाळी काटा दीड किलोने वर. पुढचे तीन दिवस नुसतं सूप. असं याआधीही दोनदा झालंय.

अधूनमधून डाएट बाजूला ठेवून माणसांत जेवावं का? सगळं पाण्यात जाईल का? आणि येत्या पहिल्या रविवारी मिसळीला जाऊ का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी अनारशांचा हिशेब करू, कारण तुम्ही त्यालाच घाबरलेल्या दिसता.

पाच महिन्यांत नऊ किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. तेव्हा तुमच्याच आकड्यांवरून तुम्ही रोज साडेचारशेच्या आसपास कमी खात आलात, म्हणजे आठवड्याला तीन-सव्वातीन हजार. आता समजा, सटाण्याला तुम्ही दोन धोंडे, त्यांच्यावर तूप, वाटीभर आमरस आणि आमटी-भात असं नीट जेवला असतात. तक्त्यातल्या जेवणापेक्षा आठशे कॅलरी जास्त गेल्या असत्या. आठवड्याच्या शिलकेतून आठशे वजा केल्या तरी चोवीसशे उरतात. चारशे ग्रॅम कमी व्हायचं ते तीनशे झालं असतं. आईच्या अख्ख्या पानाची किंमत शंभर ग्रॅम!

उलट ओट्यापाशी काय झालं ते बघा. तांदळाचं पीठ, गूळ, वर खसखस आणि तुपातलं तळण. लहानसा अनारसाही शंभराच्या खाली धरता येत नाही. अकरांचे अकराशे, वर चिवडा. म्हणजे आईच्या पंगतीला नाही म्हणून जे वाचवलं, त्याच्या दुप्पट रात्री अंधारात गेलं. आणि त्यातल्या सातव्या अनारशाची चव तुम्हाला आठवते का? मला नाही वाटत.

आता काट्यावरचे दीड किलो. तेवढी चरबी एका रात्रीत चढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. एक धोंडा दोनशेचा धरला तर सत्तावन्न धोंडे होतात, तेही रोजचं जेवण जेवून वर. सकाळी दिसलं ते मुख्यतः पाणी. पिठूळ-गोड खाल्लं की स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा भरतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येऊन बसतं. चिवड्यातलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं, आणि पोटातलं अन्न तर अजून पोटातच असतं. चार-पाच दिवस नेहमीसारखं खाल्लं की हे आपोआप उतरतं. तुम्ही सूप प्यायलात, काटा उतरला आणि श्रेय सूपला मिळालं. म्हणून माझा त्या सुपावर राग आहे. पुढच्या वेळी बिघडलं की तुम्ही पुन्हा तेच कराल, तीन दिवस उपाशी राहाल आणि चौथ्या रात्री पुन्हा ओट्यापाशी दिसाल.

मी आहारतज्ज्ञ; "आजचं तर गेलंच" हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून इतक्यांनी म्हटलंय की मोजदाद सोडून दिली. आणि हा दोष तुमच्या एकटीचा नाही. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या दोन संशोधकांनी एक गमतीशीर प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चवीची परीक्षा म्हणून आइस्क्रीम, हवं तेवढं खा म्हणून. ज्या मुली एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात असल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळच आहे. ज्या एरवी मोजूनमापून खात होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता राखायचं काय, असा तो हिशेब. म्हणजे घडी मोडल्यावर पुढच्या दोन तासांत जे होतं त्याने खरं नुकसान होतं. तुम्ही तर आणखी एक पायरी पुढे गेलात. माहेरी घडी मोडलीही नव्हती, नुसती इच्छा दाबून आणली होती, आणि वाणाचा डबा गाडीत मांडीवर होता. दोन तासांचा रस्ता आणि मांडीवर अनारसे! मी असते तर वाटेत देवळ्यालाच डबा उघडला असता.

तेव्हा पहिलं उत्तर. हो, माणसांत जेवा. पण त्याला 'चीट डे' म्हणू नका. मला तो शब्द आवडत नाही. आपण फसवतोय कुणाला? आईच्या हातचं खाणं ही चोरी असेल, तर चोर अंधारातच खाणार. असं जेवण आधी ठरवून तक्त्यात लिहा, तारखेसकट. "शनिवार, सटाणा, पूर्ण जेवण." तक्त्यात लिहिलेलं जेवलं की तक्ता मोडत नाही, आणि मोडला नाही की "आजचं तर गेलंच" म्हणायला जागा राहत नाही.

किती वेळा? इथे मी जरा कडक आहे. आपल्याकडचं पंचांग तुम्हाला कधीच मोकळं सोडणार नाही. अधिक संपला, आता आषाढ येईल, तळणीचा महिना. मग श्रावणातले सण, गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि मग लग्नसराई दारात. बरं, मुहूर्त बघून डाएट करते म्हणणाऱ्याचं डाएट कधी सुरूच होत नाही, आणि प्रत्येक प्रसंगाला सूट घेणाऱ्याचं टिकत नाही. वरचाच हिशेब लावा. आठवड्याची शिल्लक सव्वातीन हजार, असं एक जेवण आठशेचं. एक जेवण पेलतं. चार झाली की त्या आठवड्यात तुम्ही जागच्या जागी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९५ जणांचं सणासुदीच्या दिवसांतलं वजन मोजलं होतं. लोकांना वाटत होतं बरंच वाढलं असेल, प्रत्यक्षात सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी निघाली. वाईट गोष्ट ही की सण संपल्यावरही ती वाढ उतरली नाही. अशी दरवर्षी थोडी थोडी साठत जाते, आणि आपण मात्र खापर फोडतो एका लाडवावर.

महिन्याला दोन ते तीन जेवणं तुमच्यासाठी पुरेत. ती निवडायची कशी, तर ताटातल्या पदार्थाआधी ताटापलीकडचा माणूस बघायचा. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, कागदी डिशमध्ये समोसा, वेफर्स आणि क्रीमचा केक, ते उभ्याने खायचं आणि परत कॉम्प्युटरकडे. हे प्रसंगाचं जेवण नव्हे, ती डिश शेजारच्या टेबलाकडे सरकवा, कुणाला वाईट वाटत नाही. मेन रोडवर खरेदीला गेलो म्हणून साबुदाणा वडा, तेही नव्हे. तो वडा कुठे पळून जात नाही. पण आईच्या हातचे खापरावरचे मांडे? पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची, हे तुमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या त्या पिढीच्या बायकांना जमतं. तुम्हाला येतं का? मला येत नाही, दोनदा फाडून बसले आहे. आईचं वय ७०, गुडघे दुखतात. असं पान आयुष्यात अजून किती वेळा समोर येणार आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवशीची तयारी सोपी आहे, पण लोक नेमकं उलट करतात. रात्री पुरणपोळी आहे म्हणून सकाळपासून उपाशी राहतात, आणि मग पहिल्या दहा मिनिटांत भूकच जेवते, माणूस जेवतच नाही. तुम्ही सकाळची न्याहारी रोजचीच करा. दूध, अंडी, मोडाची उसळ, जे तक्त्यात असेल ते. ज्या वेळचं जेवण आहे तेवढंच बदलायचं. पंगतीला बसल्यावर धोंडे आवडतात तर धोंडे घ्या आणि भजी-कुरडया तशाच जाऊ द्या. सगळंच थोडंथोडं घेण्यापेक्षा आवडीचं पोटभर घेतलेलं बरं. सावकाश जेवा. बोला, मध्ये पाणी प्या, तूप परत मागा.

मागण्यावरून आठवलं, आग्रहाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. पानावर आडवा हात धरून "नको, नको" केलं की वाढणारीला चेव येतो, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. त्यावर माझा उपाय असा, की स्वतःहून काहीतरी मागायचं. "मावशी, आमटी अजून घ्यायची आहे, आज काय झालीय!" किंवा कोशिंबीर. पाहुण्याने मागून घेतलं की वाढणाऱ्याचं पोट भरतं. मग तिसरा धोंडा पानात पडत नाही. तुमच्या आईवर मात्र हे वापरू नका, ती ओळखेल.

जेवल्यावर काय? काही नाही. सूप नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट चालणं नाही, रात्रीचं जेवण बंद नाही. भूक नसेल तर ताक-भात घ्या. पुढचं जेवण रोजच्यासारखं. काट्यावर पाच दिवस चढायचं नाही, हे नवऱ्याला सांगून काटा माळ्यावर ठेवायला लावा. गोड बांधून दिलं असेल तर नाही म्हणू नका, पण घरी येताच वाटून टाका: शेजारी दोन, वॉचमनला दोन, तुमच्यासाठी एक, उद्या दुपारी, ताटात, बसून.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'डाएट ब्रेक' हा शब्द हल्ली मोबाइलवर फार फिरतो आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५१ लठ्ठ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सलग सोळा आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे गरजेइतकं, असं आळीपाळीने करत कमी खाण्याचे सोळा आठवडे भरले. दुसऱ्या गटाचं वजन जास्त उतरलं. ही बातमी लोकांनी "दोन आठवडे हवं ते खा" अशी वाचली! प्रत्यक्षात त्यांचं विश्रांतीतलं खाणंही मोजलेलं होतं, वजन न वाढेल न घटेल इतकंच. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा फायदा दिसलेलाही नाही. तरी तुम्हाला पाच महिने झालेत, आणि इतके दिवस कमी खाल्लं की शरीर भूक वाढवतं आणि उगाच होणारी हालचाल कमी करतं. आपल्याला कळतही नाही. तेव्हा उरलेल्या पाच किलोंच्या मागे लागण्याआधी दोन आठवडे तुमचा तक्ता १४०० वरून अठराशेच्या आसपास न्या, असं मी सुचवेन. एक भाकरी जास्त, दुपारी मूठभर दाणे, संध्याकाळी दूध किंवा फळ, भाजीला नीट फोडणी. वजन साधारण तिथेच राहील. पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा थोडा वर जाईल, तेच पाणी, वर सांगितलं ते. ज्यांनी तक्ता करून दिलाय त्यांना मात्र आधी विचारा, प्रकृती त्यांनी तपासली आहे, मी नाही. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर असं जेवण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आता मला खटकलेली ओळ. "असं याआधीही दोनदा झालंय." पाच महिन्यांत तीनदा, हे आज मला घाबरण्यासारखं वाटत नाही. जेवणं मोकळी झाली की बहुधा थांबेल. पण ते आठवड्याला एकदा व्हायला लागलं, हात थांबतच नाही असं वाटलं, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस हे तीन महिने चालत राहिलं, तर तो आहारतज्ज्ञांचा विषय राहत नाही. त्याला आजाराचं नाव आहे, उपचार आहेत, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. अशा वेळी पाच किलो विसरून आधी तिकडे जायचं. आणि आजपासून ओट्यापाशीचा लाईट लावत जा. खायचं तर उजेडात, वाटीत काढून, खुर्चीवर. एवढ्यानेच फरक पडल्याचं मी पाहिलं आहे.

राहिली आई. मीही हे केलेलं आहे. शिकून नवी नवी आहारतज्ज्ञ झाले होते तेव्हा मावशीच्या घरी केळवणाला स्वतःचं सॅलड घेऊन गेले. मावशी हसली, म्हणाली, "बाई, डबा आणलास तर आमच्यासाठीही आणायचास." तिच्या मनात काय होतं ते मला वीस वर्षांनी कळलं, तोवर विचारायला ती नव्हती. तुमची आई बोलली नाही आणि तिने ताट झाकून ठेवलं, म्हणजे रागाने फेकलं नाही. झाकलेलं ताट मागून जेवणाऱ्यासाठी असतं. तिला फोन करा. "आई, वजन कमी करतेय, डॉक्टरांनी सांगितलंय" हे स्पष्टीकरण नको, ते तिने शंभरदा ऐकलं असेल. सरळ सांगा: "त्या दिवशी माझं चुकलं. आषाढात येते, मांडे शिकव." ती आधी म्हणेल, "तुला कुठे चालतं आता ते." त्यावर दिवस ठरवून सांगा, शनिवार किंवा रविवार. कणीक तुम्ही मळा, तिच्या गुडघ्यांना खाली बसवू नका, खापराची चूल उंच मांडता येते का ते बघा. पहिले तीन फाटतील. फाटलेले तुम्ही खायचे, तसाच नियम आहे.

आणि मिसळ. पहिल्या रविवारी जा, पण ग्रुपवर आधी स्वतःहून लिहा, "मी येतेय." नाशिकची मिसळ तुम्हाला सोयीची आहे, कारण रस्सा वेगळ्या वाटीत येतो. खालची मटकी तर चांगलीच, ती पूर्ण खा. फरसाण वरचं थोडं काढून ठेवा, तर्री दोन चमचे, बाकी साधा रस्सा, दही घ्या. पाव दोन. तिसऱ्याला हात गेला तर गेला, घरी येऊन सूप करायचं नाही. जिलबी मागवणारी एक मैत्रीण प्रत्येक ग्रुपमध्ये असते, तिच्या बशीतली अर्धी तोडा. पाच महिन्यांत त्यांच्याकडे सांगायला बरंच साठलं असेल, तेव्हा सकाळी जरा लवकर निघा. रविवारी दहानंतर तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.